जेऊरला गाडी थांबते

परवा सोलापुरात सात रस्त्याला चहा पिताना एका मित्राने नागराज मंजुळेवर पिंक टाकली. "नागराज आता कसला स्वतंत्र दिग्दर्शक बे? मागं झीचा पैसा, पुढं अमिताभ. स्वतंत्र होता तो फँड्रीपर्यंत." चहा संपला, वाद काही संपला नाही. म्हणून रात्री लिहायला बसलोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

पुण्याला शिकत होतो तेव्हा महिन्यातून एकदा पॅसेंजरने सोलापूरला यायचो. भिगवण गेलं की उजनीचं पाणी दिसायचं, मग पारेवाडी, वाशिंबे, जेऊर, केम, कुर्डुवाडी. तेव्हा एकेरी रूळ, त्यामुळे जेऊर म्हणजे माझ्या लेखी क्रॉसिंग. समोरची मेल निघून जाईपर्यंत बसा शेंगा खात. त्या स्टेशनामागे एक गाव आहे, तिथे वडारवस्ती आहे, तिथल्या घरातलं दहावीला नापास झालेलं नागराज नावाचं एक पोरगं कविता करतंय, यातलं काही खिडकीतून दिसत नसतं.

दुसरी गोष्ट जिभेची. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी "काय करायलास?" असं विचारलं आणि अख्खा बाक हसला. सहा महिन्यांत मी ते "करायलास" खरवडून काढलं. मग सवयच लागली. पुण्यात "अरे", सोलापुरात "बे". येताना कुर्डुवाडीच्या फलाटावर चहा प्यायलो की जीभ आपोआप बदलायची, जाताना तिथेच परत. लाज वाटायची असं नाही म्हणणार. लाज वाटते हे कळायलासुद्धा पुढे बरीच वर्षं गेली.

फँड्री, त्याचा पहिला चित्रपट, आला १४ फेब्रुवारी २०१४ ला. तारीख बघून आम्ही लव्हस्टोरी समजून गेलो. थिएटरात पंधरा-वीस जण असू. पडद्यावर जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, केमचा पोरगा. केम आम्हाला कुंकवासाठी माहीत. त्या केमच्या पोराला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नागराजला पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार.

शेवटी जब्या जो दगड भिरकावतो त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, तो दगड मी बाजूला ठेवतो. मी अडकलोय त्याच्या आधीच्या एका प्रसंगात. शाळेजवळ जब्याचं अख्खं घर डुकरामागे धावतंय, डुक्कर आता सापडणार, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुकराला राष्ट्रगीताचं काय? माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसलो. गंमतच होती ती. पण पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत पडद्यावरचं गाव त्या घराकडे बघून मॅच बघितल्यासारखं हसत होतं, तेव्हा माझं मघाचं हसू घशात अडकलं. मला त्या माणसाने बरोबर त्या कट्ट्यावर नेऊन बसवलं होतं, आणि माझी काही तक्रार नव्हती तिथे बसायला.

ही कला एका रात्रीत आलेली नाही. अहमदनगरला मास कम्युनिकेशन शिकताना त्याने पिस्तुल्या हा लघुपट केला. शाळेत जायची आस असलेला मुलगा, एवढीच गोष्ट. पहिल्याच फटक्याला राष्ट्रीय पुरस्कार. त्यातला सूरज पवार हा पोरगा लक्षात ठेवा. तोच फँड्रीत जब्याचा मित्र पिऱ्या झाला. आणि तोच सैराटमध्ये प्रिन्स, आर्चीचा भाऊ. शाळेसाठी आसुसलेल्या पोराचा चेहरा, आणि शेवटी बहिणीच्या दारात आलेल्या भावाचा चेहरा. एकच चेहरा. हे मुद्दाम केलंय की हाताशी असलेला चांगला नट घेतलाय, मला ठाऊक नाही. पण तिन्ही लागोपाठ बघा, झोप उडते.

सैराट सोलापुरात कसा चालला हे इथल्यांना सांगायला नको. २९ एप्रिल २०१६, बाहेर ऊन रटरटतंय आणि आत लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचतायत. आर्ची झालेली पोरगी अकलूजची, परशा झालेला पोरगा जेऊरकडचा. आर्ची म्हणजे रिंकू राजगुरू, तेव्हा शाळेत होती. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन येणारी ही मुलगी जसं घरी बोलत असेल तसंच पडद्यावर बोलत होती, आणि महाराष्ट्रभर तिच्यासारखं बोलायची फॅशन आली. माझ्या पुण्यातल्या जुन्या बाकावरची मंडळी व्हॉट्सॲपवर तिचे डायलॉग पाठवायला लागली. ज्यांनी माझी जीभ घासून घेतली तेच! (करमाळा-अकलूजची बोली आणि आमच्या शहराची बोली एक नव्हे, हे मान्य. आमच्यात तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं मिसळलेलं. उलट शहरातले आम्हीच करमाळ्याकडच्या बोलण्याला खेडवळ म्हणून हसायचो. हेही इथे कबूल करून टाकतो.)

आणि मग ती शेवटची काही मिनिटं. संगीत नाही, आवाज नाही, लेकराची रक्ताळलेली पावलं. तासापूर्वी नाणी उधळणारं थिएटर मुकं झालं. आमच्याबरोबर काका आले होते. पार्किंगमध्ये स्कूटर काढताना म्हणाले, "पण पोरीनंबी ऐकायला पाहिजे होतं की घरच्यांचं." काकूने वळून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. घरी येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काका वाईट माणूस नाही हो. तेच तर अवघड आहे.

नंतर सैराटचे रिमेक निघाले. कन्नडमध्ये तर रिंकूच होती. हिंदीत गोष्ट उदयपूरला गेली आणि जात नावाचा कणा तेवढा तिथे पोचेपर्यंत पातळ झाला. सुंदर राजवाडे आले बदल्यात.

आता मित्राच्या मुद्द्याकडे येतो. सैराट चारेक कोटींत झाला आणि शंभर कोटींच्या घरात गेला असं सांगतात. मराठीत असं कधी झालं नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो? सैराट दोन करतो. मुंबईला ऑफिस थाटतो. नागराजने सैराटनंतर पावसाचा निबंध हा लघुपट केला. धो-धो पाऊस, गळकं घर, आणि शाळेने दिलाय पावसावर निबंध. बस. तिकीटबारी नाही, हिरो नाही. त्याला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नॉन-फीचर गटात. ज्याच्या दारात कोणीही पैशाची थैली घेऊन उभं राहिलं असतं, त्याने तेव्हा काय निवडलं ते बघ, मग स्वतंत्र कोण ते बोलू.

झुंडचंही तेच. २०२२ मध्ये आला. देशातला सगळ्यात मोठा नट घेतला आणि त्याला मैदानाच्या कडेला उभं केलं. चेंडू नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांकडे. अमिताभ आंबेडकरांच्या तसबिरीपुढे हात जोडतात तो प्रसंग हिंदी सिनेमाच्या पडद्यावर बघायला आम्हाला इतकी वर्षं थांबावं लागलं. पैसा कोणाचा आहे यावर मी स्वातंत्र्य मोजत नाही. कॅमेऱ्यासमोर कोण उभं राहणार आणि ते कुठल्या भाषेत बोलणार, हे कोण ठरवतं त्यावर मोजतो.

भक्त म्हणून लिहीत नाहीये. झुंड मला लांबला. पूर्वार्धात जी रग आहे ती उत्तरार्धात पातळ होते, पासपोर्टच्या भागात एखादी गोष्ट तीनतीनदा सांगितल्यासारखी वाटते. तिथेही तो बापलेकीचा ओळखीच्या कागदासाठीचा प्रवास मात्र काढू नये असा. सैराटची गाणीही माझ्या मते गोष्टीला जरा जास्तच गोड करतात. अर्थात त्या गोडीनेच काकांना थिएटरात आणलं, हेही खरं. फँड्रीला ते आले नव्हते.

पावसाच्या निबंधावरून आठवलं. आम्ही शाळेत हा निबंध गाईडातून उतरवायचो. धरणीने हिरवा शालू नेसला, मोर नाचू लागले वगैरे. सोलापुरात! खिडकीबाहेर पिवळी धूळ आणि मास्तर घाम पुसत "शालू" शब्दाखाली रेघ मारतायत, छान म्हणून. मोर आम्ही कुणी पाहिला नव्हता. म्हणून नागराजच्या कवितासंग्रहाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. उन्हाच्या कटाविरुद्ध. मे महिन्यात ४३-४४ अंशांत पत्र्याखाली राहिलेल्यालाच ऊन हा कट आहे हे कळतं. त्या पुस्तकाला भैरूरतन दमाणी पुरस्कार मिळाला, म्हणजे आपल्या सोलापूरचाच. तेव्हा सोलापूरने काहीच ओळखलं नाही असंही नाही. कवी म्हणून हार घातला होता आपण त्याला. आता फ्लेक्सवर "आपला माणूस" लिहिणाऱ्या किती जणांनी ते पुस्तक उघडलंय, हा वेगळा प्रश्न. मीही सैराटनंतरच उघडलं.

आता रूळ दुहेरी झालेत, क्रॉसिंगची भानगड राहिली नाही. वंदे भारत कुर्डुवाडीला थांबते, जेऊरला नाही. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना मुद्दाम डेमूने आलो. गाडी जेऊरला थांबली तसा मी दारात जाऊन उभा राहिलो. स्टेशन, चार माणसं, एक कुत्रं, पलीकडे बाभळी. मागून एक कॉलेजचं पोरगं म्हणालं, "काय बघायलाव काका?"

कुर्डुवाडी यायला अजून अवकाश होता. म्हणालो, "जेऊर बघायलोय."