हावडा ब्रिज आणि नटबोल्टचा फॉरवर्ड

'हावडा ब्रिजमध्ये एकही नटबोल्ट नाही!' हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी फिरतो. नाहीत, हे खरंच. पण त्या काळी मोठे पोलादी पूल रिव्हेटनेच जोडायचे. रिव्हेट म्हणजे माथा असलेला जाड धातूचा खिळा. तो लालभडक तापवून भोकात घालायचा, एकाने माथा दाबून धरायचा, दुसऱ्याने पलीकडचं टोक ठोकून पसरवायचं. गार होताना तो आखडतो आणि प्लेटा करकचून आवळतो. चांगली कारागिरी, चमत्कार वगैरे नाही.

नवल वाटायला हवं ते नदीत एकही खांब नाही याचं.

हुगळी भरती-ओहोटीची, गाळाची नदी. काठाने ज्यूटच्या गिरण्या, पात्रात बोटींची वर्दळ. १८७४ साली ब्रॅडफर्ड लेस्ली या इंजिनिअरने इथे पाँटूनवर, म्हणजे तरंगत्या सपाट होड्यांवर, १,५२८ फुटांचा पूल घातला. जहाज आलं की मधला २०० फुटांचा भाग बाजूला सारायचा. तोवर दोन्ही तीरांना गाड्या खोळंबलेल्या. त्यात भरती-ओहोटीबरोबर पूल वरखाली होणार, म्हणजे काठाशी चढ-उतार रोज बदलता. पूल खुला व्हायच्या आधीच, त्या मार्चमधल्या वादळात दोर तुटलेली एक स्टीमर येऊन धडकली आणि जवळजवळ २०० फूट पूल गेला.

नव्या पुलाच्या वेळी म्हणूनच पात्रात खांब नको होता. खांब आला की प्रवाह अडतो, गाळ धरतो. मग कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूला धरलेल्या हातांचा पूल: दोन्ही काठांवर २८० फुटी मनोरे, प्रत्येकातून पाण्यावर ४६८ फुटांचा हात, दोन हातांच्या मधे टांगलेला ५६४ फुटांचा तुकडा. बेरीज बरोबर १,५०० फूट, मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत. पुढचं वजन उलटू नये म्हणून मागे ३२५ फुटांचे हात जमिनीत जखडलेले. पोलाद २६,५०० टन. युद्धामुळे विलायती माल अडला, त्यामुळे त्यातलं २३,००० टन टाटांचं. १९४३च्या फेब्रुवारीत, जपानी बाँबच्या भीतीने, गाजावाजा न करता खुला केला.

(याच नदीवरचा १९९२चा विद्यासागर सेतू केबलवर लटकतो, पण मनोऱ्यांमधलं अंतर तेवढंच, ४५७ मीटर. म्हणजे पुन्हा १,५०० फूट.)

वादळं, ट्रामचं ओझं सोसलेल्या या पुलाला झिजवलं कशाने? पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी. रस्ता ज्या हँगरांवर लटकतो, त्यांच्या बुडाचं ६ मिलिमीटर जाडीचं पोलादी आवरण काही वर्षांत ३ मिलिमीटरच्याही खाली आलं. शेवटी बुडांभोवती फायबरग्लासची कवचं बसवली. ती गंजत नाहीत, आणि धुता येतात.