निर्वात पोकळीतला धुडूम

अंतराळातलं युद्ध बघायला बसलं की माझा छळ पहिल्या मिनिटाला सुरू होतो. शत्रूचं महाकाय जहाज घुर्रर्र करत पडद्याच्या वरच्या कडेतून आत शिरतं आणि आमचा सोफा थरथरतो. सोफ्याचं ठीक आहे, खोलीत हवा आहे. जहाजाभोवती ती नाही. आवाज वाहून न्यायला तिथे कुणीच नाही, त्यामुळे शेजारचं जहाज फुटून चिंधड्या झाल्या तरी आपल्या जहाजात झोपलेल्याची कूस बदलायची नाही. अर्थात तुकडे येऊन आदळेपर्यंत. तुकड्यांचं पुढे सांगतो.

"मामा, आवाजाचं सगळ्यांना माहीत असतं रे," भाचा म्हणतो, "काहीतरी नवीन काढ." पोराचं म्हणणं रास्त आहे. आवाजावर आक्षेप घेणं हे बालवाडीचं काम. आवाज मी केव्हाच माफ केला. मला माफ करता येत नाही ते वळण.

लढाऊ यानाच्या पाठीमागे शत्रू लागलेला असतो. नायक दात-ओठ खाऊन दांडा ओढतो, यान एका कुशीवर कलतं आणि गर्रकन वळून शत्रूच्याच मागे येतं. आता, विमान असं वळतं ते हवेच्या जिवावर. आपण हवेला रेटायचं आणि तिनं आपल्याला वळवायचं, असा तो व्यवहार. पोकळीत रेटायचं कुणाला? कललेलं यान कललेल्या अवस्थेत आधीच्याच दिशेनं, आधीच्याच वेगानं जात राहणार. न्यूटननं हे १६८७ साली छापून ठेवलं आहे, पण पटकथा लिहिणाऱ्यांपर्यंत ती प्रत पोचलेली दिसत नाही.

वळायचंच तर इंजिन पेटवायला हवं. मी कागद घेऊन बसलो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर वेगानं फिरतं. नायकालाही तेवढाच वेग दिला. उगाच लाड नकोत. वळताना त्याचं वजन नऊपट होईल एवढा ताण त्याला सोसेल असं धरलं. तयार वैमानिक खास पोशाख चढवून तेवढं काही सेकंद सोसतात. तर वळणाची त्रिज्या निघाली साडेसहाशे किलोमीटरच्या वर, आणि पाठ फिरवायला लागणारा वेळ साडेचार मिनिटं. एवढा वेळ नायक खुर्चीत पापडासारखा लाटला जाणार, आणि सरळ निघून गेलेला शत्रू तोवर दोन हजार किलोमीटर पुढे. सिनेमात हे सगळं दोन सेकंदांत आटपतं. वर नायिकेकडे बघून हसायलाही वेळ उरतो.

तो कागद मी घरात सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून ठराव झाला आहे की मी बोलायचं ते फक्त मध्यंतरात.

त्यामुळे मध्यंतरात मला फार घाई होते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या वेळी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी यानांची दृश्यं तयार होईपर्यंत त्या जागी दुसऱ्या महायुद्धाच्या हवाई चकमकींचे तुकडे जोडून ठेवले होते, हे मी एका दमात सांगतो. यानं उडाली ती त्याच ठेक्यावर. म्हणजे आपण बघतो ती १९४० च्या आसपासची विमानं, मागे चांदण्या लावलेली. मोठी जहाजं तर सरळ समुद्रातून उचललेली. दोन अनोळखी ग्रहांवरून आलेली आरमारं, पण 'वर' कुठे आणि 'खाली' कुठे यावर दोघांचं पूर्ण एकमत. इतकं जमत असेल तर भांडता कशाला? आणि मार बसलेलं जहाज नाक खाली करून बुडतं. कशात बुडतं?

बरं, लढतात तेही एकमेकांच्या मिशा दिसतील इतक्या जवळून. इतकी जागा रिकामी पडली आहे, वापरा की! पण वापरली तर वेगळीच पंचाईत. चंद्र इथून सुमारे ३,८४,००० किलोमीटर. त्याच्याजवळच्या शत्रूवर आपण लेझर रोखला, तर आपल्याला दिसतो तो सव्वा सेकंदापूर्वीचा शत्रू, आणि किरण तिथे पोचायला आणखी सव्वा सेकंद. तेवढ्यात स्वारी वीसेक किलोमीटर सरकलेली. वरातीमागून घोडं. शिवाय तो लेझर बाजूनं दिसणारही नाही. तांबडा-हिरवा पट्टा दिसायला वाटेत धूळ किंवा धूर लागतो.

यापेक्षाही मला छळतो तो दबा धरून बसलेला सेनापती. "इंजिनं बंद करा, त्यांना पत्ता लागता कामा नये," असं तो कुजबुजतो. अरे, आत माणसं आहेत, यंत्रं आहेत, सगळं तापतंय. मागचं आकाश उणे २७० अंशांचं, आणि त्यात तू शेगडीसारखा चमकतोयस. व्हॉयेजर-१ या दूरवर गेलेल्या यानाचा रेडिओ प्रक्षेपक वीस-बावीस वॉटचा. तो दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडून पृथ्वीवर ऐकू येतो. आणि तुझं अख्खं आरमार कुणाला दिसणार नाही?

उष्णता बाहेर टाकायला पोकळीत प्रारणाखेरीज, म्हणजे ती किरणांच्या रूपात सोडण्याखेरीज, वाट नाही. अंतराळ स्थानकावर त्यासाठी आत अमोनिया खेळवलेले लांबरुंद पांढरे रेडिएटर पसरलेले आहेत. मी आजवर एकाही खलनायकाच्या जहाजावर रेडिएटर बघितलेला नाही. तोफा हजार, रेडिएटर शून्य! पहिल्या दोन-चार फैरींतच आतली मंडळी शिजायला हवीत. (गोळा शेपटाला लागतो आणि ठिणग्या कप्तानाच्या टेबलातून उडतात, हे आणखी एक. तारे ओलांडून आलेल्या संस्कृतीला साधा फ्यूज सापडू नये?)

खरा पाठलाग कसा असतो, हे १९६५ च्या जूनमध्ये जेमिनी-४ या अमेरिकन यानातल्या जेम्स मॅकडिव्हिट यांना कळलं. त्यांना आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचं होतं. तो समोर दिसत होता. त्याच्याकडे नाक करून इंजिन पेटवलं, की तो जवळ येण्याऐवजी लांब जायचा. कारण वेग वाढवला की कक्षा उंचावते, आणि उंच कक्षेत माणूस मागे पडतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरावं लागतं. शेवटी इंधन संपायला लागलं तेव्हा त्यांनी नाद सोडला. आणि इथे शत्रू पळत नव्हता, गोळीबार करत नव्हता. रिकामा डबा होता तो!

तोफ म्हणाल, तर सोव्हिएत संघानं सॅल्यूत-३ या स्थानकावर ती खरोखरच बसवली होती. तोफ जागेवर पक्की, म्हणून नेम धरायचा तर अख्खं स्थानकच फिरवायचं. जानेवारी १९७५ मध्ये ती डागली, तेव्हा आत एकही अंतराळवीर नव्हता. मला हा फार समंजस निर्णय वाटतो.

आता तुकडे. १० फेब्रुवारी २००९ ला एक बंद पडलेला रशियन उपग्रह आणि इरिडियम या फोन कंपनीचा एक चालू उपग्रह एकमेकांवर आदळले, सेकंदाला सुमारे ११.७ किलोमीटर वेगानं. दोनच उपग्रह, तेही भांडण नसताना. पण नोंद ठेवण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले आणि त्यातले कित्येक पुढे वर्षानुवर्षं फिरत राहिले. सिनेमात चारशे जहाजं फुटतात, आणि विजयी वीर त्याच ढिगाऱ्यातून गाणी म्हणत घरी जातात.

"मग खरी लढाई कशी असेल ते तू सांग," भाच्यानं एकदा आव्हानच दिलं.

मी सांगितली. दोन्ही आरमारं एकमेकांना फार आधीपासून दिसत असतात. कोण कुठल्या तारखेला कुठे पोचणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. चार महिने दोन्हीकडचे हिशेबनीस इंधनाच्या बेरजा तपासतात. मग एक जहाज वाटेत पोतंभर खिळे सोडून देतं. तीन आठवड्यांनी समोरच्याच्या रेडिएटरला भोक पडतं. जहाज तापू नये म्हणून तो तोफा बंद करतो आणि निरोप धाडतो. उत्तर यायला चाळीस मिनिटं. उत्तर असं, की आमचंही परतीपुरतंच इंधन उरलं आहे, तेव्हा निघू या.

भाच्यानं जरा विचार केला. "यात मध्यंतर कुठे येतं?"

"ते चार महिने सांगितले ना, तेच मध्यंतर."

"म्हणजे चार महिने हे बोलणार," बायको म्हणाली, आणि तिनं रिमोट उचलला.