‘30 दिवसात फ्लुएंट इटालियन’वाली पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय, आणि इटलीला शिकायला निघालेल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर तर दिवसाआड येते. थोडक्यात ती अशी: इटालियन जगातली सगळ्यात सोपी भाषा, जसं लिहितात तसंच वाचायचं, ग्रामरच्या नादी लागू नका, 300 शब्द पाठ करा, इंग्लिश येतं म्हणजे अर्धी भाषा आलीच, शब्दाच्या मागे ओ नाहीतर आ चिकटवला की झालं, भेटेल त्याला चाओ म्हणा, अडलंच तर तिथे सगळ्यांना इंग्लिश येतं, आणि हे सगळं 30 दिवसात. मी इटलीत तोरीनोत राहते, नवीन आलेली आपली पोरं बघत असते, आणि ही पोस्ट वाचून आलेली लगेच ओळखू येतात. भाषा फार अवघड आहे असं मी म्हणतच नाहीये. पोस्ट लिहिणाऱ्याने सगळा हिशोब इंग्लिशवरून मांडलाय, त्यामुळे मराठी माणसाला जे फुकटात मिळतं ते त्यात नाही आणि आपण जिथे खरंच आपटतो तेही नाही.

आता ‘जसं लिहितात तसंच वाचायचं’ हे घ्या. अक्षरं 21, सी च्या पुढे ई किंवा आय आला की च, मध्ये एच घुसला की क, म्हणून ते ब्रुस्केत्ता असतं, पुण्यातल्या मेनूकार्डावरचं ब्रुशेटा नाही. असे पाच-सहा नियम एका संध्याकाळी होऊन जातात, इथपर्यंत पोस्टला पूर्ण मार्क. पण शब्दात जोर कुठे द्यायचा ते लिहून दाखवतच नाहीत, फक्त शेवटच्या अक्षरावर असेल तर वर छोटी रेघ येते, बाकी सगळं कानाने शिकायचं. आन्कोरा हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिला तर जहाजाचा नांगर आणि मधल्यावर दिला तर ‘अजून’, लिहायला मात्र डिट्टो सेम. गावांची नावंसुद्धा तशीच, बेर्गामो, मोदेना, तारान्तो, ब्रिन्दिसी, सगळ्यांत जोर पहिल्यावर आणि आपण हमखास मधल्यावर देतो. मराठीत नुसता जोर हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही सवयच नाही, आणि हे कुणी सांगतही नाही.

उलट ज्या गोष्टीची इंग्लिशवाल्यांना धास्ती असते ती आपल्याकडे घरचीच आहे. जोडाक्षर! सेते म्हणजे तहान, सेत्ते म्हणजे सात, नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. अमेरिकन माणूस यावर महिनोन् महिने घालवतो, आपण पती आणि पत्ती यात लहानपणापासून गोंधळ करत नाही. (वय सांगताना आन्नी, म्हणजे वर्षं, यातला न नीट जोडा हं, एकच न म्हणालात तर समोरचा हसू दाबतो, कारण तो शब्द शरीराच्या अशा जागेचा आहे की चारचौघात काढत नाहीत.) मग च. चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तोंडातच आहे. चाओमध्ये चहातला च लागतो आणि ग्रात्सिएमध्ये, म्हणजे धन्यवादमध्ये, चमच्यातला. तसंच बुओन्जोर्नोमध्ये, म्हणजे नमस्कारात, जेवणातला ज आणि त्यांच्या झीरोत, म्हणजे द्झेरोत, जाडमधला ज. एवढं सगळं हातात असताना आपली पोरं ‘ग्राझी’ म्हणतात आणि तुत्तोचं, म्हणजे ‘सगळं’चं, टुट्टो करतात, कारण इंग्लिश टी दिसला की ट तोंडात येतो. तो त च आहे, आपला स्वच्छ दातावरचा त.

‘ग्रामर नको’ या सल्ल्याचा तर मला सगळ्यात राग येतो, कारण ग्रामरमध्येच मराठी माणसाची चंगळ आहे. ‘मला आवडतं’ घ्या. इटालियनमध्ये मी पिआचे, इथलं मी म्हणजे ‘मला’, आणि आवडणारी वस्तू कर्ता. आंबा आवडतो, आंबे आवडतात, तसंच एकवचनाला पिआचे आणि अनेकवचनाला पिआच्चोनो. इंग्लिशवरून शिकणारा इथे बरोब्बर उलटा पडतो, आपल्याला उलटं वाटतच नाही. भूतकाळात गेलो-गेले आहेच: पुरुष सोनो आन्दातो, बाई सोनो आन्दाता. त्याच्या पुढची गंमत म्हणजे पित्साचं काय झालं असं विचारलं तर उत्तर लो मान्जाता, जेलातोबद्दल, म्हणजे आइस्क्रीमबद्दल, विचारलं तर लो मान्जातो, म्हणजे खाल्ली आणि खाल्लं असा फरक खाणाऱ्यावर नाही, खाल्लेल्या वस्तूवर. आता पूर्ण जुळतं असं नाही, पित्साचं नाव वाक्यात पुढे घेतलं तर ओ मान्जातो ला पित्सा, तिथे काही बदलत नाही, आणि ‘बोलणे’ला आपल्याकडे बोललो-बोलले असलं तरी त्यांच्याकडे दोघांनाही ओ पार्लातोच. पण ही वळणं डोक्यात आधीच असतात, फक्त कुणीतरी दाखवायला हवं.

आपलं खरं दुखणं आर्टिकल. मराठीत ती भानगडच नाही, आणि इथे ‘द’ एकट्याचे इतके अवतार: इल, लो, ला, स्वराआधी नुसता ल, अनेकवचनात ई, ल्यी, ले. त्यात परत ‘चा’ किंवा ‘मध्ये’ लागला की देल, देल्लो, देल्ला, नेल, नेल्ला. याला शॉर्टकट नाही, शब्द पाठ करतानाच आर्टिकलसकट करायचा. लिंगं दोनच आहेत, तीन सांभाळणाऱ्यांनी घाबरू नये, तरी इल प्रोब्लेमा पुल्लिंगी आणि ला मानो, म्हणजे हात, स्त्रीलिंगी असले चकवे असतातच.

300 शब्दांचं बघू. तुल्लिओ दे माउरो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने इटालियनच्या पायाभूत शब्दांची यादी केली होती, तिचा अगदी आतला गाभाच सुमारे 2000 शब्दांचा आहे. पण आकडा राहू द्या, खरी अडचण वेगळीच. दुकानात चीजच्या काउंटरवर नंबराचं चिटोरं घेऊन उभं राहायचं, नंबर आला की दूए एत्ती दि फोन्तीना, म्हणजे 200 ग्रॅम, कारण इथे ग्रॅममध्ये कुणी मागत नाही, 100 ग्रॅमचा एक एत्तो. बाई तुकडा कापते, काटा 230 वर जातो, आणि ती मान वर न करता एका दमात विचारते, ‘के फाच्चो, लाश्शो?’ करणे आणि सोडणे, दोन्ही शब्द कुठल्याही नवशिक्या यादीत असतात, तरी पोरगं पुतळा होतं. आपला वाणी ‘थोडं वर जातंय, राहू दे का?’ म्हणतो ना, तेच. पाठोपाठ ‘आल्त्रो?’, म्हणजे अजून काही, त्याला उत्तर ‘बास्ता कोसी’. हे असे अख्खे तुकडे पाठ करा, सुटे शब्द नाही.

इंग्लिशला मागे ओ-आ चिकटवण्याबद्दल फार बोलत नाही. कामेरा म्हणजे खोली, पारेन्ती म्हणजे नातेवाईक, लिब्रेरिया म्हणजे पुस्तकांचं दुकान, आणि जॅममध्ये प्रिझर्वेटिव्ह आहे का हे विचारायला प्रेसेर्वातीवो म्हणालात तर तो कंडोम. हॉटेलच्या बाथरूममध्ये नळावर सी लिहिलेलं असेल तर हात जपून, तो काल्दोचा सी, गरम पाणी.

चाओ फक्त ओळखीच्यांना, मित्रांना, पोरांना. पोस्ट ऑफिसातल्या बाईंना, डॉक्टरांना, वरच्या मजल्यावरच्या आजींना बुओन्जोर्नो, दुपार कलली की बुओनासेरा, आणि धड कळत नसेल तर साल्वे. अहो-जाहो आपल्याला शिकवायला नको, पण इथली अहो-जाहो विचित्र आहे, लेई म्हणजे क्रियापद चक्क ‘ती’चं लावायचं, समोर मिशीवाले काका असले तरी. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये हे लेई बंद करून वोई आणायचा हुकूम काढला होता, तो त्याच्याबरोबरच गेला. दक्षिणेत मात्र मोठ्या माणसांना आजही वोई ऐकू येतं, ते अगदी आपल्या तुम्हीसारखं चालतं.

‘सगळ्यांना इंग्लिश येतं’ हे फिरेंझेच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या, हॉटेलात खरं. मिलानोत मास्टर्स इंग्लिशमधून होतं, तेही खरं. पण उतरल्यापासून कामाच्या 8 दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्ट ऑफिसातून करायचा असतो, पुढे क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे, आणि त्या खिडक्यांवर इंग्लिश मिळेल यावर विसंबून जाऊ नका. वसई-गोव्याचे फादर लोक रोमला शिकायला येतात त्यांना हे पक्कं माहीत असतं, तिथे लेक्चरच इटालियनमध्ये, म्हणून आधी भाषा. कायमचं राहायचं म्हटलं तर कायदाही भाषा मागतो, लांब मुदतीच्या परवान्याला ए2 ही भाषेची प्राथमिक पातळी आणि नागरिकत्वाला लग्नावरून किंवा वास्तव्यावरून अर्ज केलात तर 2018 पासून बी1, म्हणजे त्याच्या वरची पातळी.

राहता राहिले 30 दिवस. अमेरिकन सरकार आपल्या डिप्लोमॅट लोकांना भाषा शिकवतं, त्यांच्याकडे इटालियन सोप्या गटात आहे, आणि सोप्या गटासाठीच वर्गातले 24 ते 30 आठवडे धरतात. ते ऑफिसचं काम करण्याइतपत शिकवतात, आपल्याला तेवढं नकोय, मान्य. महिन्याभरात नमस्कार-चमत्कार, कॉफी मागणं, किमती कळणं (सेस्सान्ता आणि सेत्तान्ता, साठ आणि सत्तर, यात सगळेच फसतात) आणि ‘पिऊ पिआनो, पेर फावोरे’, म्हणजे जरा सावकाश बोला, एवढं आरामात होतं आणि तेवढ्यावर पहिला महिना निघतोही. आणि हो, त्या पोस्टच्या खाली 30 दिवसांच्या कोर्सची लिंक आहे ती उघडून बघा, फ्लुएंट झालेल्यांसाठी पुढे लेव्हल टू पण विकायला ठेवलीय.