रॉड्रिग्ज म्हणजे ज्यू नव्हे, आणि स्पेनचा पासपोर्ट तर नव्हेच

गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर मावसबहिणीने मला चर्चच्या फाटकाशीच गाठलं. "ताई, आपण मूळचे ज्यू, हे तुला ठाऊक होतं का?" असं विचारून तिने मोबाईल पुढे केला. त्यावर एक लांबलचक मेसेज होता. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांत तो फिरून आला असणार, कारण सोमवारी तोच मला आणखी दोघांकडून आला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांची आडनावं 'एझ' किंवा 'एस'ने संपतात, म्हणजे रॉड्रिग्ज, लोपीस, गोम्स, फर्नांडिस, ते सगळे स्पेनने १४९२ साली हाकलून दिलेल्या ज्यूंचे वंशज. 'एझ' म्हणजे 'एरेट्झ झायन', यहुद्यांची पवित्र भूमी, आणि ही त्यांची गुप्त खूण. आपले पूर्वज स्पेनहून जहाजाने वसईला आले. विज्ञानानेही हे सिद्ध केलंय. स्पेन सरकारने ५,२२० आडनावांची यादी काढली असून यादीतल्या प्रत्येकाला नागरिकत्व मिळतं. मुदत महिनाअखेर. 'वंशावळ दाखल्या'साठी खालील नंबरवर संपर्क साधा.

बहिणीने संपर्क साधला होता. पंचवीस हजार भरलेही होते. मुलाला युरोपात पाठवायचंय, आणि त्याचं आडनाव रॉड्रिग्ज. माझंही तेच. म्हणून हे सविस्तर लिहितेय, आणि रागाने लिहितेय.

आधी त्या 'एरेट्झ झायन'चं बघू, कारण बहिणीला सगळ्यात जास्त पटलं होतं ते हेच.

'एझ' ही गुप्त खूण असेल, तर दियाझमधला 'आझ' कसली खूण? मुन्योझमधला 'ओझ'? ओर्तिझ आणि रुईझमधला 'ईझ'? ही सगळी आडनावं एकाच पद्धतीने बनलीत. बापाच्या नावाला शेवटी 'झ' लागला की 'अमक्याचा मुलगा' असा अर्थ होतो, मग आधीचा स्वर कुठलाही असो. हा प्रत्यय नेमका कुठून आला यावर भाषेचे अभ्यासक अजून वाद घालतात. कुणी त्याचं मूळ लॅटिन षष्ठीत शोधतं, कुणी रोमनांच्याही आधीच्या भाषांत. हिब्रू लघुरूपाचा मात्र त्यात काही संबंध नाही.

ही पद्धत कशी चालायची ते एका घराण्यात बघा. एल सिद या नावाने प्रसिद्ध असलेल्या, १०९९ साली वारलेल्या योद्ध्याचं खरं नाव रोद्रिगो दियाझ. त्याच्या आजोबांचं नाव लाईन नुन्येझ, म्हणजे नुन्योचा मुलगा लाईन. वडील दिएगो लाईनेझ, म्हणजे लाईनचा मुलगा दिएगो. दिएगोचा मुलगा म्हणून हा स्वतः दियाझ. आणि याचा मुलगा, १०९७ साली कोन्सुएग्राच्या लढाईत पडलेला, तो दिएगो रोद्रिगेझ, म्हणजे रोद्रिगोचा मुलगा. आमचं रॉड्रिग्ज हे याच नावाचं रूप. एकाच घरात चार पिढ्यांत चार आडनावं! खरं तर ही आडनावं नव्हतीच. आपण शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लिहितो, तसंच ते होतं. हे घराणं स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या ख्रिस्ती सरदारांचं, आणि काळ ज्यूंच्या हकालपट्टीच्या चारशे वर्षं आधीचा. तेव्हा कोण कुणापासून लपत होतं आणि खूण कुणासाठी ठेवत होतं?

बापाचं नाव असं पिढीगणिक बदलत राहिलं आणि मग हळूहळू एका जागी थिजलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या कार्डिनल सिस्नेरोसने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या, पुढे कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने तोच नियम सगळीकडे नेला. तरीसुद्धा आडनाव कुठलं लावायचं याची बरीच मोकळीक होती. चित्रकार वेलाझ्केझच्या वडिलांचं आडनाव रोद्रिगेझ दे सिल्वा. वेलाझ्केझ हे आईकडचं, आणि जग त्याला त्याच नावाने ओळखतं. बापाचं एक आणि आईचं एक अशी दोन आडनावं कायद्याने पक्की झाली ती १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर. म्हणजे आजचा कुणी रोद्रिगेझ हा पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा रोद्रिगेझचाच सलग वंशज असेल, हे स्पेनमध्येसुद्धा गृहीत धरता येत नाही. मग वसईत कसं धरायचं?

आता मूळ नाव रोद्रिगो. ते हिब्रू नाही, लॅटिनही नाही. ते गॉथ लोकांचं, म्हणजे जर्मन कुळातल्या भाषेतलं. त्याचे दोन भाग: पहिल्याचा अर्थ कीर्ती, दुसऱ्याचा सत्ताधीश. ७११ साली मुसलमान सेनापती तारिकच्या फौजेपुढे हरलेला स्पेनचा शेवटचा गॉथ राजा रोद्रिगोच होता. याच गॉथ राजांपैकी सिसेबुतने सातव्या शतकात ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा घ्यायला लावला होता. ज्या लोकांनी ज्यूंना छळलं त्यांच्या राजाचं हे नाव, आणि मेसेज त्यालाच ज्यूंची गुप्त खूण म्हणतो.

आमच्या नावात 'झ'चा 'स' झाला तो ओळख लपवायला, असंही त्यात आहे. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचे 'झ' आणि 'स' सारखेच उच्चारले जायचे, म्हणून कुणी हे लिही, कुणी ते. इतिहासकार लोपिश द कास्तान्येदाचं नाव १५५१ च्या त्याच्या छापील ग्रंथावर 'झ'नेच आहे. आज स्पॅनिश लोक 'झ' लिहितात आणि पोर्तुगीज 'स', एवढाच फरक.

यात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, आणि ती मला मान्य करावी लागते. रोद्रिगेझ नावाचे ज्यू होते. सोळाव्या शतकातला नामांकित वैद्य अमातुस लुसितानुस, त्याचं जन्मनाव जुआंव रोद्रिगेश. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर गार्सिया द ओर्ता. गोव्यात राहिलेला हा वैद्य. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि मुंबई बेट एके काळी त्याच्याकडे पट्ट्याने होतं. घराणं धर्म बदललेल्या ज्यूंचं. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. हा इतिहास खरा आहे, आणि त्याचा असा फुटकळ मेसेज करून पैसे उकळणाऱ्यांची मला चीड येते ती याच्याचमुळे.

पण या लोकांनी रोद्रिगेझ, लोपेझ, गार्सिया ही नावं का घेतली? कारण ती सगळ्यांची होती. जे ज्यू म्हणूनच देश सोडून गेले त्यांनी अब्राव्हानेल, बेनवेनिस्ते, तोलेदानो अशी आपली जुनी नावं जपली. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी पाठीशी उभा राहणारा तो) किंवा आसपास चालणारं एखादं नाव घेतलं, म्हणजे गर्दीत वेगळं दिसायला नको. ज्या नावाने माणूस गर्दीत मिसळतो, त्याच नावाने त्याला गर्दीतून निवडून कसं काढणार?

आणि आमच्या पूर्वजांचंही नेमकं असंच झालं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर इथल्याच लोकांचे बाप्तिस्मे झाले: सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी. धर्मपिता कुणी पोर्तुगीज अंमलदार असे किंवा पाद्री, आणि त्याचं आडनाव कुटुंबाला लागे. माझी आजी लाल लुगडं नेसायची, कादोडी बोलायची. तिला स्पेन कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांच्या खाली धर्मपिता-धर्ममातेचा रकाना आहे. आडनाव आत शिरलं ते तिथून, जहाजातून नव्हे. "आपण बाहेरून आलो" असं सांगणारा मेसेज आमच्या लोकांची पाचशे वर्षांची भाषा, शेती आणि वाड्या एका ओळीत पुसून टाकतो. ते मी ऐकून घेणार नाही.

जगभर हे नाव असंच पसरलं. फिलिपिन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची एक छापील यादीच काढली आणि गावोगावच्या लोकांना त्यातून आडनावं वाटून दिली. काही गावांत तर बहुतेक सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात, कारण त्या गावाच्या वाट्याला यादीचं तेवढंच पान आलं होतं. मेक्सिकोत, पेरूत मूळच्या लोकांना आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बाप्तिस्म्याबरोबर नाव मिळालं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत रॉड्रिगेझ हे नवव्या क्रमांकाचं आडनाव होतं, १०,९४,९२४ माणसांचं. खुद्द स्पेनमध्ये ते पहिलं आडनाव म्हणून लावणारे नऊ लाखांहून अधिक आहेत, गॅलिसियात आणि कॅनरी बेटांवर तर पावलोपावली. बायकामुलं सुट्टीला गावी गेली आणि नवरा नोकरीसाठी शहरात एकटा उरला, की स्पॅनिशमध्ये तो 'रोद्रिगेझ झाला' म्हणतात. कुणाही सामान्य माणसाला चालेल इतकं साधं नाव आहे ते.

विज्ञानाचा मुद्दा फार वेळ खाणार नाही. २००८ चा एक अभ्यास आहे. स्पेन-पोर्तुगालच्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांत १९.८ टक्के वाटा ज्यू मुळाचा असावा असा त्याचा अंदाज होता. अभ्यास तिथल्या पुरुषांचा होता, वसईच्या आडनावांचा नव्हे. संपलं.

आता पासपोर्ट. या विषयावर मी कुणाचं ऐकून बोलत नाही, कायदा काय म्हणतो ते सांगते. कायदा क्रमांक १२/२०१५, २४ जून २०१५ चा, स्पेनच्या संसदेने केलेला. हाकलून दिलेल्या सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व द्यायचं म्हणून तो आला, हे खरं. आडनावाचा उल्लेखही त्यात आहे, हेही खरं. पण कसा? अनेक पुराव्यांपैकी एक म्हणून, आणि तोही सक्षम संस्थेने कारणं देऊन लिहिलेल्या अहवालाच्या रूपात. शिवाय ज्यू समाजाच्या मान्य संस्थेचा किंवा रब्बीचा (ज्यू धर्मगुरूचा) दाखला, घरातली लादिनो (त्या ज्यूंची जुनी स्पॅनिश) भाषा, जुना विवाहकरार असे पुरावे एकत्र पाहिले जात. वर स्पेनशी खास नातं दाखवायचं, स्पॅनिश भाषेची आणि स्पेनच्या राज्यघटनेची परीक्षा द्यायची, आणि स्पेनमध्ये जाऊन नोटरीसमोर हजर राहायचं.

५,२२० नावांची ती यादी सरकारने कधी काढलीच नाही. २०१४ मध्ये कायद्याचा मसुदा आला तेव्हाच ती जगभर फिरली, आणि अशी कुठलीही अधिकृत यादी नाही हे स्पेनच्या न्याय मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं.

मुदत? कायदा १ ऑक्टोबर २०१५ ला लागू झाला, तीन वर्षांसाठी. एक वर्ष वाढवून मिळालं. १ ऑक्टोबर २०१९ ला खिडकी बंद झाली. "महिनाअखेर" कुठल्या महिन्याची म्हणता?

बहिणीचा पुढचा प्रश्न होता पोर्तुगालचा, कारण आमच्या ओळखीच्या एका गोवेकर मुलाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळालाय. तो मिळाला वेगळ्या वाटेने. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले लोक पोर्तुगालच्या कायद्याने त्यांचे नागरिक, म्हणून ते आणि त्यांची मुलं लिस्बनला जन्मनोंद करून हक्क मागू शकतात. त्यात आडनाव कुणी विचारत नाही. आजोबा कुळकर्णी असले तरी चालतं, जन्मदाखला लागतो. आणि वसई? १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हाच इथला पोर्तुगीज अंमल संपला. त्या वाटेने आम्हा वसईकरांना काही मिळत नाही. सेफार्दी वंशजांसाठी पोर्तुगालनेही कायदा केला होता, २०२२ पासून त्याचे नियम कडक झाले, आणि त्यातही नुसत्या आडनावावर कधी काही मिळालं नाही.

बहिणीला हे सगळं समजावायला दोन संध्याकाळी गेल्या. सगळ्यात शेवटी तिने विचारलं, "मग त्या दाखल्यावर शिक्का कुणाचा असेल?" तिच्याकडे दाखल्याचा नमुना आला होता, तो आम्ही मोठा करून पाहिला. वर स्पेनचा झेंडा, खाली इंग्रजीत 'सर्टिफाईड ज्युईश लाईन', आणि सही करणाऱ्याचा हुद्दा 'ग्लोबल डायरेक्टर'. कायद्यात म्हटलेल्या एकाही संस्थेचं नाव त्यावर नाही.

पैसे यूपीआयने गेलेत, व्यवहाराचा क्रमांक तिच्या फोनमध्ये आहे. काल रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली. उद्या सकाळी तिचा मुलगा, ती आणि मी असे तिघं तो नमुना आणि मेसेज छापून घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. आळीतल्या आणखी कुणी पैसे भरले असतील, तर लाजू नका, आमच्याबरोबर चला.