बागेसाठी मंत्रालयात कोण भांडणार?

आज डोकं इतकं फिरलंय की लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. लांबलचक होणार आहे, वेळ नसेल तर उद्या वाचा पण वाचा.

आमच्या सोसायटीच्या मागचा प्लॉट इथल्या जुन्या लोकांना माहितीये. डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, बागेचं आरक्षण असलेला. आम्ही फ्लॅट बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा लावलेला होता, त्यात आमच्या बिल्डिंगच्या बरोब्बर मागे हिरवा चौकोन. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला होता, काकू इथे गार्डन होणार. आईने बाकी काही बघितलं नाही. किचन लहान आहे, गॅलरी पश्चिमेला आहे, सगळं चालेल म्हणाली, मागे बाग होणार ना मग हाच घ्यायचा.

आज सकाळी त्या प्लॉटभोवती पत्रे ठोकत होते. "उद्यानासाठी आरक्षित जागा" असं लिहिलेला पिवळा बोर्ड उखडून रस्त्याकडेला पालथा टाकलेला आणि जेसीबी बाभळी काढत होता. चौकशी केली तर कळलं, आरक्षण लॅप्स झालं. कुणी अतिक्रमण केलेलं नाही, कुणी खोटे कागद केलेले नाहीत, सगळं कायदेशीर आहे. हेच मला सहन होत नाहीये.

हे कसं होतं ते बहुतेकांना माहीत नसतं म्हणून सांगते. आपल्याकडे १९६६ चा नगररचना कायदा आहे, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. त्याचं कलम १२७ सांगतं की डीपी मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो, घ्या नाहीतर सोडा. नोटिशीनंतर आता चोवीस महिने मिळतात. तेवढ्यात भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं, आजूबाजूला जे बांधता येतं ते त्या जागेवरही बांधता येतं. म्हणजे बाग रद्द करायला कुणाला काहीच करावं लागत नाही. नुसतं गप्प बसलं की झालं.

आणि आमच्या बाबतीत महापालिकेतले गप्प बसले होते असंही नाही, "पाठवलं" होतं. आई आणि खालच्या मजल्यावरच्या दोन काकू मिळून अर्ज द्यायच्या. आईच्या कपाटात एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, त्यात सगळ्या अर्जांच्या पोच आहेत, प्रत्येकीवर जांभळा आवक शिक्का, खाली कुणाची तरी वेडीवाकडी सही. दर वेळी उत्तर एकच, आजी प्रस्ताव वर पाठवलाय. वर म्हणजे कुठे? कलेक्टरकडे, नगरविकासकडे, मंत्रालयात. मग तिथून काय आलं? अजून काही आलेलं नाही. मग तुम्ही विचारायला गेलात का? यावर समोरचा माणूस फाइल बंद करायचा.

सुप्रीम कोर्टाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये हेच सांगितलंय की नुसता ठराव केला, नुसतं पत्र लिहिलं, याला पावलं उचलणं म्हणत नाहीत. संपादनाची अधिकृत घोषणा मुदतीत निघाली पाहिजे. आणि ती घोषणा महापालिका काढूच शकत नाही, ती सरकारी यंत्रणेकडून निघते. म्हणजे महापालिकेच्या हातात उरतं काय तर मागे लागणं. जाऊन बसणं. फाइल कुठल्या टेबलावर आहे ते बघणं, नाही हलली तर आमदाराला सांगून अधिवेशनात प्रश्न लावणं, पालकमंत्र्याला गाठणं. हे महापालिकेला येत नाही असं कुणी म्हणू नका. फ्लायओव्हरसाठी येतं की! रस्त्यांसाठी, पाणी योजनेसाठी राज्याच्या नगरोत्थान योजनेतून पैसे आणायचे असले की आयुक्त स्वतः प्रेझेंटेशन घेऊन मुंबईला जातात, सोबत आमदार, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मला एक फोटो दाखवा ज्यात कुणी मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढलंय.

पाणी आधी, हे मला मान्य आहे. ते लिहायला कुणी खाली येऊ नका.

पैशाचं सांगते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरात जमीन घ्यायची तर बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोजावे लागतात. मालकाने टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क, घेतला तर प्रश्न नाही पण तो नको म्हणाला तर रोख द्या. आता कुठल्या महापालिकेकडे एवढे पैसे आहेत? जकात होती तेव्हा स्वतःचा रोजचा गल्ला होता, ती गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला तोही गेला, २०१७ ला जीएसटी आल्यापासून दर महिन्याला राज्याकडून भरपाई येण्याची वाट बघायची. केंद्राकडे बघावं तर २०१५ च्या अमृत योजनेत बागा होत्या पण योजनेच्या आराखड्याच्या फार तर अडीच टक्के, आणि त्यातून जागा विकत घ्यायला परवानगी नाही! जागाच नसेल तर बाग करायची कुठे? पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना दिलेले पैसे हवा, पाणी, कचरा याला बांधलेले. आमदारांना वर्षाला पाच कोटींचा निधी असतो, त्यातून ओपन जिम येतात, बाकडी येतात, त्यावर मोठ्या अक्षरात नाव येतं. जागा कुणाच्याच निधीत येत नाही.

मग एखाद्या महापालिकेने सरकारला ठणकावून सांगायला नको का की साहेब, आमच्याकडे इतक्या खरेदी नोटिशा आल्यात, इतकी मैदानं नि बागा हातच्या जाणार आहेत, यासाठी वेगळा फंड काढा? घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो बघा, तो महापालिका आपल्याकडून गोळा करते आणि राज्याला भरते. शहर राज्याला एवढं देतं तर हक्काने मागायला काय हरकत आहे?

पण मागणार कसे, कायद्यातच बाग ही करायलाच पाहिजे अशी गोष्ट नाही. हे मला आईच्या त्या अर्जांच्या भानगडीतच कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. महापालिकांचा १९४९ चा कायदा आहे त्यात दोन याद्या आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं, गटारं, पाणी, दिवे, रस्ते. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, जमलं तर करा. सार्वजनिक बागा, उद्यानं, क्रीडांगणं दुसऱ्या यादीत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, बाराव्या अनुसूचीत शहरांची म्हणून जी १८ कामं लिहिली त्यात बागा, उद्यानं, मैदानं स्पष्ट शब्दात आहेत. घटनेत नाव आलं तरी आमच्या कायद्यात अजून जमलं तर करा. ही एक ओळ इकडून तिकडे न्यायला विधानसभेत दुरुस्ती लागते. ती मागायची कुणी? महापौरांची परिषद असते ना राज्याची, भरते, ठराव होतात, मानधनाचे होतात, अधिकारांचे होतात. बागा बंधनकारक करा हा ठराव करा की एकदा. एकमताने पाठवा आणि उत्तर येईपर्यंत सोडू नका.

होत नाही असं नाही, म्हणून जास्त राग येतो. पुण्यातल्या टेकड्या बघा. १९९७ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, तिथल्या टेकड्यांवर ९७६ हेक्टर जैववैविध्य उद्यानासाठी राखायचं ठरलं, बीडीपी. किती दबाव असेल विचार करा, पुण्यातली टेकडीवरची जमीन! पण तिथे वंदना चव्हाणांसारख्या माजी महापौर वर्षानुवर्षं मागे लागल्या, संस्था लागल्या, साधी माणसं सह्या गोळा करत फिरली आणि २०१५ ला सरकारने बीडीपीवर शिक्कामोर्तब केलं. मोबदला फक्त आठ टक्के टीडीआर ठेवला, मालकांना तो परवडत नाही, त्यामुळे जागा ताब्यात यायचा घोळ अजून आहे, टांगती तलवारही आहेच. तरी टेकडी नकाशावर टिकली. ते वाचताना मला खरंच भरून आलं होतं. आणि त्याच वर्षी, २०१५ मध्येच, जुन्या हद्दीचा डीपी सरकारने पुणे महापालिकेच्या हातातून काढून घेतला होता हेही विसरू नका. शहराचा आवाज मोठा असला तर एका टेबलावर ऐकतात, दुसऱ्या टेबलावरून फाइलच उचलून नेतात. म्हणूनच तो आवाज सतत असावा लागतो.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचं लीज २०१३ ला संपलं होतं, २११ एकर जागा. त्यातल्या १२० एकरांवर पार्क करायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो थेट २०२४ ला. सत्तेतल्यांना हवं असलेलं काम सुद्धा अकरा वर्षं घेतं. आमच्या मागच्या प्लॉटला तर कुणी वालीच नव्हता.

मधल्या काळात नगरसेवकही नव्हते. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ ला मुदत संपली ती निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला, काही शहरांत तर त्याच्याही आधीपासून प्रशासक. आई अर्ज घेऊन जायची तेव्हा नगरसेवकाचं ऑफिस बंद, प्रशासकाला भेटायची वेळ मिळायची नाही. कोण जाणार होतं तिच्या वतीने वर? प्रशासक सरकारनेच नेमलेला, तो सरकारशी भांडेल का?

मालकाची बाजूही आहे, मान्य. त्याची जमीन, दहा वर्षं त्याला ना चांगल्या भावाने विकता येत ना बांधता येत, त्याने नोटीस दिली यात त्याचं काही चुकलं नाही. माझा राग त्याच्यावर नाहीच. त्याला वेळेत पैसे दिले असते तर तोही सुखी आणि आम्हीही.

दुपारी आईला सांगितलं. वाटलं चिडेल. ती आता गुडघ्यांमुळे पार्किंगमध्येच फेऱ्या मारते, गाड्यांच्या मधून, कुणी रिव्हर्स घेत असेल तर भिंतीला चिकटून उभी राहते. मला म्हणाली माझं काय गं, मी दोन फेऱ्या इथेही मारीन, पण खालच्या त्या जुळ्यांनी सायकल कुठे शिकायची. एवढंच. पिशवी काढून पोच बघायला लागली, तारखा वाचत बसली. मला तिथे थांबवेना.

तर आता नवीन नगरसेवक आलेत सगळीकडे, बहुतेकांचे सत्काराचे फ्लेक्स अजून उतरले नसतील. तुम्ही ज्या शहरात असाल तिथे एवढं करा. माहिती अधिकारात अर्ज टाका, कलम १२७ खाली बागा नि मैदानांच्या किती जागांवर खरेदी नोटिशा आल्यात, प्रत्येकीची मुदत कधी संपते, आणि त्यासाठी महापालिकेने नगरविकास खात्याकडे आणि कलेक्टरकडे काय पाठपुरावा केला, पत्रांच्या तारखांसकट. ती यादी हातात आली की आपापल्या नगरसेवकाला आणि आमदाराला व्हॉट्सअॅप न करता प्रत्यक्ष नेऊन द्या आणि विचारा यातल्या कुठल्या जागेसाठी तुम्ही मुंबईला जाणार. ज्यांची मुदत या वर्षी संपतेय त्या आधी. आमच्या वॉर्डात अजून दोन आरक्षणं आहेत, एक मैदानाचं, एक बागेचं. मी सोमवारी अर्ज टाकतेय, सोबत यायचं असेल त्यांनी इनबॉक्स करा, मसुदा तयार आहे, कुणाला हवा असेल तर पाठवते.