भाव पडला, गाडी नाही

"तुमच्या जर्मनीतच कुणी घेईना झालंय म्हणे." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगलीहून तात्यांचं हे वाक्य आलं आणि माझा रविवार नासला. विषय मावसभावाचा. तासगावला त्याची द्राक्षबाग, यंदा बेदाण्यानं हात दिला. पुण्यात 2021 ची जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही, ऑडी ई-ट्रॉन, 45 लाखांना मिळतेय, घेऊ का, एवढंच त्यानं विचारलं होतं. नवी होती तेव्हा हीच गाडी शोरूममध्ये जवळपास एक कोटीची. झालं, विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतचे सगळे नातेवाईक तुटून पडले. चार-पाच वर्षांत निम्म्याहून खाली येते ती वस्तूच वाईट, असा निकाल लागला. पुरावा म्हणून युरोपातल्या पडलेल्या भावांचा आलेख, आणि त्याखाली तात्यांचं हे वाक्य.

मी जर्मनीत बोब्लिंगनला राहतो, इथल्या रस्त्यावर काय चाललंय ते मला रोज दिसतं. 2023 च्या डिसेंबरात इथल्या सरकारनं इलेक्ट्रिक गाड्यांवरचं अनुदान थांबणार असं शनिवारी जाहीर केलं आणि रविवारी रात्री ते बंदही केलं. पुढच्या वर्षी नव्या इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री 27 टक्क्यांनी घसरून 3 लाख 80 हजारांवर आली. फॉरवर्डमध्ये तेवढंच एक वर्ष असतं. 2025 मध्ये ती पाच लाखांच्या वर गेली, ते कुणी पाठवत नाही.

जुन्या गाडीचा भाव पडतो तो वेगळ्याच कारणानं. इथं नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश गाड्या कंपन्यांच्या नावावर असतात, मोठ्या एसयूव्हीत तर खासगी खरेदीदार शोधावा लागतो. माझी गाडीही कंपनीचीच. ती खासगीत वापरतो म्हणून कर पगारातून कापला जातो, आणि इलेक्ट्रिकला तो पेट्रोलच्या निम्मा किंवा पाव, त्यामुळे ऑफिसात सगळे तीच घेतात. तीन वर्षांचं लीजिंग संपलं की चावी परत. मग एकाच महिन्यात एकाच मॉडेलच्या ढीगभर गाड्या बाजारात येतात. त्यात 2023 च्या जानेवारीत टेस्लानं नव्या गाड्यांचे भाव एकदम पाडले, काही मॉडेलवर 20 टक्क्यांपर्यंत. नवीच स्वस्त झाली तर जुनीला कोण विचारणार? वर्षभरानं हर्ट्झनं अमेरिकेत भाड्याच्या 20 हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. यातल्या एकाही गोष्टीत मोटर बिघडलेली नाही की बॅटरी संपलेली नाही. आणि सात-आठ वर्षांची पेट्रोलवरची मर्सिडीज एस-क्लास काय भावानं जाते, तेही ग्रुपवर टाका की.

आपल्याकडची कारणं आणखी साधी आहेत. ई-ट्रॉन, मर्सिडीजची ईक्यूसी, जॅग्वारची आय-पेस, या सगळ्या तयार होऊन बोटीनं आलेल्या गाड्या. त्या कोटीत आयात शुल्क केवढं होतं! ते पहिल्या मालकानं भरलं, दुसरा ते का भरेल? पुढं मर्सिडीजनं ईक्यूएस एसयूव्ही चाकणलाच जोडायला घेतली. महिंद्राची एक्सईव्ही 9ई तर 30 लाखांच्या आसपास 79 किलोवॅट-तासाची बॅटरी देते, आणि 2021 च्या साध्या ई-ट्रॉनमध्ये होती 71 ची. शिवाय ई-ट्रॉन जिथं बनायची तो ब्रसेल्सचा कारखानाच ऑडीनं फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केला. बंद झालेल्या मॉडेलला गिऱ्हाईक दबकतंच. भर म्हणून 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवरचा कर 50 वरून 40 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा मात्र पाचच राहिला, म्हणजे दोघींमधलं अंतरही घटलं.

तात्यांनी आणखी एक पुडी सोडली: जुन्या इलेक्ट्रिकवर म्हणे आता 18 टक्के टॅक्स. डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेनं तो लावला, पण डीलरच्या नफ्यावर. माणसानं माणसाला गाडी विकली तर त्यात जीएसटी येतच नाही.

सांगलीचा माणूस गाडी घेतानाच ती विकताना किती येतील ते विचारतो. हे मला कळतं, मी त्याच घरातला. बाबांनी मारुती 800 विकली त्याला कैक वर्षं झाली, पण काय भाव आला ते पाहुण्यांना अजून सांगतात. पण निम्मी किंमत जाते ती पहिल्याची. आमच्या भावाला तर ती दुसऱ्याच्या खिशातून मिळतेय. इथं माझ्या तळघरातल्या पार्किंगला वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवायचा तर इमारतीतल्या फ्लॅटमालकांच्या वार्षिक बैठकीपर्यंत थांबावं लागतं, आणि तिथं कुणीतरी नाही म्हणतंच. त्याच्याकडं स्वतःचं छत आहे, मळा आहे, सोलरला 78 हजारांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे. घरच्या उन्हावर गाडी चालवायची सोय मला या श्रीमंत देशात नाही, त्याला तासगावात आहे.

हे लिहिताना मला आणखी एक गोष्ट बोचतेय. इथं माझ्या मालकीचं काहीच नाही. घर भाड्याचं, गाडी कंपनीची, सगळं परत करायच्या बोलीवर. जून 2024 पासून जर्मनीनं नागरिकत्वाची अट पाच वर्षांवर आणली, जुना पासपोर्ट ठेवायचीही मुभा दिली. भारत ती मुभा देत नाही. बायकोनं अर्ज भरला, माझा सहीवाचून पडलाय. भारतीय नागरिकत्व सोडलेल्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन वारशानं येऊ शकते, विकत घेता येत नाही. तासगावजवळ बाबांच्या नावावर दीड एकर आहे. मी तिथं कधी कुदळ धरणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सही होत नाही. आणि ज्या देशाच्या कागदावर माझी सही होत नाही, त्या देशाबद्दल तात्या वावगं बोलले की मी तासभर टाइप करत बसतो. तात्यांपुढं ठेवायला माझ्याकडं तोच एक देश आहे. उद्या कॅन्टीनमध्ये कुणी भारताच्या रस्त्यांवर बोललं, की मी तितक्याच तावानं सांगलीच्या बाजूनं उभा राहीन.

असो. आता मावसभावाला सांगतो. खरसुंडीच्या जत्रेत दात बघितल्याशिवाय कुणी बैल घेत नाही, तसा बॅटरीचा अहवाल हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. मूळ क्षमतेच्या किती टक्के शिल्लक आहे, ते त्यात लिहून येतं. इथं तो टीयूव्ही या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मिळतो, तू कंपनीच्या वर्कशॉपमधून लेखी घे. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, म्हणजे 2029 पर्यंत. ती तुझ्या नावावर चढते का, तेही लेखी. उन्हात भरलेल्या बॅटरीनिशी महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी नको, रोज चाललेली बरी. हाय-व्होल्टेजचं काम करणारं जवळचं वर्कशॉप कुठं आहे, ते आधी बघ. सारखं पुण्याला जायचं असेल तर त्याचा खर्च भावातून वजा कर. सातारा रस्त्यानं खंबाटकी चढवून एकदा सांगलीपर्यंत चालवून बघ, एका चार्जमध्ये यायला हवी. 45 मागतायत, 38 पासून बोलायला लाग. घेतलीस तर परत विकायचा हिशेब मांडू नकोस, 2029 नंतरही मळ्यावर तीच चालव. तात्यांशी मी बोलतो.