उमरावाच्या जमिनीत मिरच्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्पेनमधल्या आंदालुसिया प्रदेशातील मारिनालेदा या गावावर आणि 1979 ते 2023 अशी सलग 44 वर्षे तिथले सरपंच असलेल्या हुआन मानुएल सांचेस गोर्दियो यांच्यावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : दुकान लुटायला लावणाऱ्या माणसाला मी नायक केले, हे गाव सरकारी अनुदानावर जगते, आणि चार दशके एकच माणूस खुर्चीत असेल तर तिथल्या लोकशाहीचे गोडवे गाऊ नयेत.

पहिल्या मुद्द्यावर मी फारसा वाद घालणार नाही. ऑगस्ट 2012 मध्ये एसिखा येथील एका सुपरमार्केटमधून शेतमजूर संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तेल, साखर, तांदूळ भरलेल्या ढकलगाड्या पैसे न देता बाहेर काढल्या, आणि त्या वेळी प्रादेशिक विधिमंडळाचे सदस्य असलेले गोर्दियो बाहेर उभे राहून त्याचे समर्थन करत होते. माल गरजूंसाठी होता हे खरे असले, तरी त्या झटापटीला ज्यांना तोंड द्यावे लागले ते दुकानातले कर्मचारीही महिन्याच्या पगारावर जगणारेच होते, आणि एवढी गोष्ट मी लेखात नोंदवायला हवी होती.

दुसरा आक्षेप मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे. गावातली साडेतीनशेच्या आसपास घरे लोकांनी स्वतः राबून बांधली, असे मी लिहिले होते; पण जागा ग्रामपालिकेची आणि बांधकामाचे साहित्य प्रादेशिक सरकारच्या पैशातले, म्हणूनच महिन्याचा हप्ता 15 युरोंच्या आसपास राहू शकला. काम नसलेल्या दिवसांचा भत्ताही सरकारचाच आहे. फक्त तो भत्ता या गावापुरता नाही. 1984 पासून आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा या दोन्ही प्रदेशांतल्या शेतमजुरांसाठी ती व्यवस्था आहे, आणि तो मिळवायचा तर वर्षातून ठरावीक दिवस शेतात काम केल्याची नोंद दाखवावी लागते. ही नोंद कोणाच्या हातात असते, हे विचारल्याशिवाय तिथले राजकारण कळत नाही. पहाटे गावच्या चौकात मजूर उभे राहतात, मुकादम येतो आणि 'तू चल, तू चल' करत माणसे निवडतो, अशी जिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तिथे मुकादमाशी वाकडे आलेल्या माणसाचा आजचा रोज तर बुडतोच, पण पुढचा भत्ताही हातचा जातो. (आपण त्यांना 'शेतकरी' म्हटले आहे. ते 'होर्नालेरो' होत. 'होर्नाल' म्हणजे दिवसाची मजुरी, तेव्हा आपला 'रोजंदार' हा शब्द त्यांना अगदी चपखल बसतो.) ऑगस्ट 1980 मध्ये या गावातल्या सुमारे 700 माणसांनी 'उपासमारीविरुद्ध उपोषण' केले, ते रोजगारासाठीच्या सरकारी निधीकरिता होते. म्हणजे आपण म्हणता त्या अनुदानापासूनच ही गोष्ट सुरू होते. ती तिथेच थांबली असती, तर मी लेख लिहिला नसता.

एल उमोसो ही 1,200 हेक्टर जमीन इन्फांतादोच्या ड्यूकची, म्हणजे एका बड्या उमरावाची, होती. कोरडवाहू धान्यशेती, यंत्र फिरले की काम संपले. एवढ्या मोठ्या जमिनीवर माणसे मोजकीच लागत. म्हणून गावकऱ्यांनी धरणावर ठाण मांडून आधी त्या जमिनीसाठी पाणी मागितले, आणि मग अनेक उन्हाळे रोज पायी जाऊन तिथे बसायचे, पोलिसांनी उठवले की पुन्हा जायचे, असे चालू ठेवले. 1991 मध्ये प्रादेशिक सरकारने ती जमीन गावाच्या हाती दिली. माझ्या मते खरा निर्णय त्यानंतरचा आहे. गावाच्या सहकारी संस्थेने तिथे गहू पेरला नाही. लाल मिरच्या, आर्टिचोक, घेवड्याच्या जातीच्या शेंगा आणि ऑलिव्ह लावले. मिरचीचे रोप हाताने लावावे लागते, खुरपणी लागते, तोडणी लागते; नंतर गावातल्याच कारखान्यात ती भाजायची, साल काढायची आणि बरण्या-डब्यांत भरायची. नफ्यातोट्याचा शुद्ध हिशेब मांडणाऱ्याला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. त्यांनी मात्र एका हेक्टरातून किती माणसांना किती दिवस रोज मिळतो, हे माप धरले. 2012 च्या सुमारास तो रोज 47 युरो होता, आणि शेतातल्या मजुराला व कारखान्यातल्या कामगाराला तो सारखाच मिळे. त्या दिवसांची नोंदही आता गावाच्याच वहीत होऊ लागली, ही बाब मला पैशांहून मोठी वाटते.

44 वर्षांबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला पटते. गावसभेत हात वर करून मतदान होते, तेव्हा ज्याला उद्याचे काम त्याच संस्थेकडून हवे आहे त्याचा हात किती मोकळेपणाने खाली राहील, अशी शंका विरोधक घेत आले आहेत, आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. मुकादम गेला तरी रोज देणारा कोणीतरी उरतोच. ग्रामपालिकेच्या निवडणुका मात्र गुप्त मतदानाच्याच होत्या. 1979 मध्ये 11 पैकी 9 जागा जिंकणाऱ्या गोर्दियो यांच्या गटाला 2019 मध्ये 6 जागांवर यावे लागले, आणि 2023 मध्ये ते उभेच राहिले नाहीत.

'मारिनालेदात बेकारी नाही' हे माझ्या लेखातले वाक्य गावाच्या स्वतःच्या प्रचारातून जसेच्या तसे उचललेले होते. ते आज काढून टाकले आहे, आणि घरांच्या परिच्छेदात सरकारच्या वाट्याचा उल्लेख घातला आहे.